पैऱ्याचं रक्त

"माणूस खोटं बोलतो, माणसाचा चेहरा खोटं बोलतो, फार काय त्याची जन्मपत्रिकासुद्धा खोटं बोलते, पण रक्त, मित्रहो, रक्त आजवर कधीही खोटं बोललेलं नाही!" डॉ. शशिधर हत्तरगीनं हे वाक्य माईकमधून सोडलं आणि पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला. तेवढ्या फटीत टाळ्या पडल्या. भाषण संपलं असं समजून तालमीच्या पोरांनी हलगीवर काठी मारली. ज्यांच्या वाढदिवसानिमित्त हे रक्तदान शिबिर भरलं होतं ते हंबीरराव खुर्चीतून वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "झ्याक बोललासा, डाक्टर. आता उतरा खाली. ऑर्केस्ट्रावाल्यास्नी स्टेज मोकळं पायजे." पुढच्या वाक्यांत विज्ञान, समाज आणि मानवजात अशी चढती भाजणी होती. ती सगळी तशीच गिळून शशिधर खाली उतरला. गळ्यातला हार काढून ठेवायला जागा नव्हती, म्हणून हारासकट खाटांमधून फिरू लागला. प्रमुख पाहुण्यानं खाटांमधून फिरायचं असतं, प्रत्येकाला "दुखलं नाही ना?" असं विचारायचं असतं, आणि फोटोवाला आला की पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. असे चार-सहा हात ठेवून झाल्यावर शशिधरला तो हात दिसला.

हात म्हणजे नुसता हात. खाटेला आडोसा म्हणून चादर लावली होती आणि चादरीखालून एक बाईचा हात बाहेर आला होता. कोपराच्या खळीत दोरीसारखी टरारलेली निळी शीर, शिरेच्या डाव्या अंगाला गोंदलेला विंचू, विंचवाची नांगी वर उचललेली, आणि नांगीचं टोक बरोबर शिरेवर टेकलेलं. गोंदणारणीला जणू ठाऊकच होतं की पुढं या जागी कुणीतरी सुई खुपसत राहणार आहे, तिनं खूण करून ठेवली होती. त्या खुणेत आत्ता सुई होती. सुईला नळी होती, नळीखाली पिशवी होती, आणि पिशवी सावकाश, गरम, तांबडी होत होती. या हाताला शशिधर ओळखत होता. जगात कुणाला ओळखत नसेल इतका या हाताला ओळखत होता. हा के-सतरा होता.

के-सतरा म्हणजे एचआयव्ही झालेली बाई. म्हणजे तिला नाव, गाव, सासर, माहेर हे सगळं असणार, पण शशिधरच्या केंद्रात त्यातलं काही आत येत नसे. ब्याण्णव साली पुण्याहून शिकून तो कोल्हापुरात आला आणि हे छोटं संशोधन केंद्र त्यानं उघडलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका माणसाचं नाव व्हरांड्यात मोठ्यानं पुकारलं गेलं, आणि त्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर कुणी येऊ दिलं नाही. त्या दिवशी शशिधरनं नियम केला : इथं नाव विचारायचं नाही, सांगू लागला तर ऐकायचं नाही, तोंडाकडं टक लावून बघायचं नाही. दारात नंबराचा पत्रा मिळेल, पत्रा दाखवायचा, हात पुढं करायचा. परदेशी पाहुण्यांना हा नियम फार आवडला. एका गोऱ्या बाईनं त्यावर डोळे पुसले होते. तेव्हापासून शशिधर माणसांना दंडावरून ओळखू लागला. मंडईत भाजी घेताना समोरच्या बाईचा हात बघून "ही के-नऊ, दर वेळी डावाच देते" असं त्याच्या मनात यायचं आणि मग तो वांगी न घेताच निघायचा, न जाणो तिनं ओळख दाखवली तर तिला अडचण. विद्याश्री, त्याची बायको, म्हणायची, "लग्नाला माझा फोटो मागवलात तेव्हा कोपरापासून मागवला असता तरी चाललं असतं." त्या लग्नाची तर कथाच होती. जयसिंगपुरात अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, रुद्राप्पा हत्तरगींचं भुसार मालाचं दुकान. सोयरिकीला आलेले पाव्हणे विचारायचे, मुलगा काय करतो? अप्पा पोत्यावर बोटं वाजवत म्हणायचे, "त्यो एड्समदी हाय." पाव्हणे चहा अर्धा ठेवून उठायचे. मग एकदा अप्पांनी त्याला गोदामात नेऊन, तुरीच्या थप्पीआड, अगदी जिव्हाळ्यानं विचारलं होतं, "दुसरा रोग शिल्लक न्हवता काय रं? मधुमेह घे की. चारचौघांत सांगाय बरा असतोय."

पण शशिधरला भूल पडली होती ती रोगाची नव्हती, रोगाच्या चालीची होती. अंगातल्या प्रतिकारशक्तीबद्दल तो कॉलेजातल्या पोरांना सांगायचा : शरीर ही तालीम समजा. पैलवान भरपूर, अंगात रग आहे, पण कुणाशी धरायचं हे वस्ताद सांगतो. ही सीडी-फोर नावाची पेशी म्हणजे तो वस्ताद. हा विषाणू पैलवानांच्या नादी लागत नाही. तो एकेका वस्तादाच्या घरात शिरतो, त्याच्याच चुलीवर आपली भाकरी थापतो आणि निघताना घर पाडून जातो. मग पैलवान आखाड्याच्या हौदात नुसते उभे राहतात, आणि बाहेरून कुणीही, साधा खोकलासुद्धा, येऊन त्यांना चीत करतो. हे ऐकताना पोरं हसायची. शशिधर हसत नसे, कारण संध्याकाळी त्याला वस्ताद मोजायचे असत. दर सहा महिन्यांनी पत्रा, हात, सुई, आणि प्रत्येकाचे वस्ताद मागच्या खेपेपेक्षा कमी. मोजण्याखेरीज हातात काही नव्हतं. औषधं निघाली होती, पण ती विमानानं उडणाऱ्या लोकांच्या देशात. मग एक खेप अशी यायची की पत्रा येतच नसे. के-चार आला नाही. के-नऊ आली नाही. मंडईत तो हात पुन्हा दिसला नाही आणि शशिधर वांगी घेऊ लागला. या सगळ्या पडझडीत एकटी के-सतरा उभी होती. चौऱ्याण्णव साली रक्त तपासलं तेव्हा रोग होता, दोनदा तपासून खात्री केलेली. त्यानंतर वर्षं गेली, शतक बदललं, पण तिचे वस्ताद हलले नाहीत. एखाद्या भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या निरोगी बाईचे असावेत तसे, ऐटीत, भरगच्च. पुढं महागड्या तपासण्या करायची सोय झाली तेव्हा तिच्या रक्तातला विषाणू मोजायला पाठवला. उत्तर आलं, सापडला नाही. शशिधरनं त्या रात्री विद्याश्रीला झोपेतून उठवून सांगितलं होतं की ही बाई त्याला दाबून बसली आहे, औषधाशिवाय, एकटी. विद्याश्री म्हणाली, "बायका बसतात." आणि कूस बदलून झोपली. या एका हातावर त्यानं निबंध लिहिले, या हातावर केंद्राला नवं यंत्र आलं, आणि पुढच्या महिन्यात परदेशात व्यासपीठावर उभं राहून हाच हात तो जगाला दाखवणार होता. लस निघेल ती या हातातून निघेल, असं त्याला खरोखर वाटत होतं. माणसाला इतकी माणसं जाताना बघितल्यावर काहीतरी वाटावंच लागतं.

आणि तो हात आत्ता कुणाच्या तरी अंगात चढणाऱ्या पिशवीत रोग ओतत होता.

"थांबवा!" शशिधर ओरडला. हलगी थांबली. सुई लावणारी नर्स दचकून उभी राहिली. हंबीरराव धावत आले. पंगतीकडं निघालेली माणसं परत वळली. सगळा मांडव त्याच्याकडं बघत असताना शशिधरला कळलं की यापुढं त्याला एक अक्षरही बोलता येणार नाही. त्याचाच नियम. त्यानं हार सावरला आणि म्हणाला, "यांचं... हिमोग्लोबिन कमी वाटतंय."

"कुणाचं? माझं?" चादर बाजूला झाली. चाळिशीची, रापलेली, ठसठशीत कुंकवाची बाई कोपरावर उठून बसली. शशिधरनं हा चेहरा नीट असा आज पहिल्यांदा बघितला. आणि तिनं मात्र त्याला बघून तोंडभर हसून घेतलं. "आगं बया, डाक्टर! तुमी हितं बी हाय व्हय? तरीच म्हटलं स्टेजवरचा आवाज वळखीचा वाटतोय. लई येळ बोललासा की."

"तुम्ही कशाला आलात इथं?" शशिधर दातांतल्या दातांत म्हणाला.

"आमचा बचत गट आलाय सगळा, ट्रकनं. हितं रक्त दिलं की स्टीलचा डबा देत्यात, झाकणाचा. तुमी नुसता चा देता."

हंबीररावांना हे ऐकून आनंद झाला. "पावणीला सवय हाय बगा! अशा बायका पायजेत. डाक्टर, हिमोग्लोबिनचं काय न्हाय, तिच्या दंडाकडं बगा, आमच्या पोरांत असा दंड न्हाय." नर्सला सुई काढायला लावून शशिधरनं ती अर्धी भरलेली पिशवी काढून घेतली. पिशवी कोंबडीच्या पिलासारखी ऊबदार होती. ती दोन्ही हातांत धरून तो गर्दीतून निघाला. हार गळ्यात, पिशवी हातात, लोक वाट करून देत होते, एका म्हातारीनं नमस्कारही केला.

तालमीच्या मागच्या खोलीत रक्तपेढीच्या लोकांनी सामान ठेवलं होतं. तांबड्या मातीचा, तेलाचा, ताकाचा वास. शशिधरनं स्टुलावर बसून नळीतलं थेंबभर रक्त घेतलं आणि हाताशी असलेल्या तपासणीच्या पट्टीवर सोडलं. दोन रेघा उमटल्या की रोग आहे. एक उमटली की नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं, आणि शशिधरनं ते या हातावर चौऱ्याण्णव सालानंतर कधीही करून बघितलं नव्हतं. कारण सरळ होतं : रोग आहे का, हा प्रश्न एकदा विचारायचा असतो. उत्तर "आहे" आलं की मग किती, कसा, कुठवर, असे मोठे प्रश्न विचारायचे असतात. लहान प्रश्नाकडं परत जाणं म्हणजे एमए झाल्यावर बालवाडीत जाऊन बसणं. पट्टीवर एक रेघ उमटली. शशिधर वाट बघत राहिला. दुसरी आली नाही. त्यानं नवी पट्टी घेतली. एक रेघ. बाहेर ऑर्केस्ट्राचा पेटीवाला सूर लावत होता आणि शशिधरच्या छातीत काहीतरी इतकं मोठं उघडलं की त्याला भिंत धरावी लागली. गेला! नुसता दाबून ठेवला नाही, हाकलून दिला! ट्रकनं आलेल्या कुठल्याशा खेड्यातल्या बाईनं जगात कुणाला जमलं नाही ते केलं, आणि ते शशिधर हत्तरगीनं बघितलं. आता अप्पा पोत्यावर बोटं वाजवत काय म्हणतील? त्याच्या डोळ्यांसमोर के-चार आला, के-नऊ आली, ज्यांच्या तोंडाकडं त्यानं कधी बघितलं नव्हतं ते सगळे कोपर पुढं करून रांगेत उभे राहिले, आणि तो त्यांना म्हणत होता, आलंच, जरा थांबा, सापडलंय. त्याला रडू येत होतं. हार ओला झाला.

"डाक्टर, डब्याचं काय मग?" दारात ती उभी होती. "नर्सबाई म्हणतीया, अर्ध्या पिशवीला डबा न्हाय. आता ह्यात माझा काय दोष?"

शशिधर उठला. दार लोटून घेतलं. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही बऱ्या झालात. तुमच्यात आता तो रोगच नाही."

बाईनं त्याच्याकडं बघितलं, वेड्याकडं बघतात तितक्या मायेनं. "माझ्यात कवा हुता?"

"म्हणजे?"

"रोग शालाक्काला हाय की. माझी थोरली जाऊ, शालूबाई. आमचा दीर कबनूरला कापडाच्या मागावर कामाला हुता न्हवं, त्येच्यापास्नं तिला. मी बाळाबाई. मला कशाला हुतोय?"

पेटीवाल्याला सूर सापडला. शशिधर म्हणाला, "पण दर सहा महिन्यांनी... रक्त..."

"मीच देतोय की. अक्का पयल्या खेपंला आलती. दुसऱ्या खेपंला नेमकी आमची भाताची लावण निघाली, आणि तिला कणकण आलीवती. मी म्हटलं, तू कशाला जातीस एस्टीनं हिंदकळत, पत्रा दे हिकडं, मी जातो. पैरा केला आमी. मी तिच्या वाटणीचं रक्त द्यायचं, तिनं माझ्या वाटणीचं शेणघाण बघायचं. शेतात न्हाय काय, आज तुमी आमच्या वावरात, उद्या आमी तुमच्या वावरात? तसं. मग तेच चालू ऱ्हायलं. मला बी बरं वाटायचं, अंबाबाई हुती, रंकाळा हुतोय, एक दीस पाठ टेकत्या." तिनं त्याचं तोंड बघितलं आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती आली. "काय चुकलं का? एका चुलीवरचं खातोय आमी दोघी. रक्त काय येगळं असतंय?"

"सांगायचं तरी होतं मला!"

"सांगाय गेलतो की. माझ्या पयल्याच खेपंला म्हटलं, डाक्टर, मी बाळाबाई. तर तुमीच कानावर हात ठेवलासा. नाव नको, नाव नको. केवढ्यांदा वराडलासा. मी म्हटलं, न्हाय बाबा सांगत."

शशिधर स्टुलावर बसला. पुन्हा उठला. आत काहीतरी कोसळत होतं आणि तो ते मोठ्या कुतूहलानं बघत होता : निबंध कोसळले, यंत्र कोसळलं, परदेशी व्यासपीठ कोसळलं, आणि तरी अजून जमीन लागेना. भात खाणाऱ्या एका धडधाकट बाईचं रक्त तिनं आणून दिलं आणि त्यानं जगाला कळवलं की ते धडधाकट आहे. यात खोटं कुठं होतं? रक्त बोलत होतं ते शब्दन् शब्द खरं होतं. मग एकदम जमीन लागली. गेल्या वर्षीपासून सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळू लागल्या होत्या, ज्यांचे वस्ताद पडले त्यांना आधी. शशिधरनं स्वतः नावं, म्हणजे नंबर, पाठवले होते. के-सतराला मात्र त्यानं गेल्या खेपेला हसत सांगितलं होतं, तुम्हाला गोळ्याबिळ्या काही नकोत, तुमची तब्येत झकास आहे.

"मी झकास म्हणालो," तो पुटपुटला, "ते तुम्ही घरी सांगितलंत?"

"तर! दर खेपंला सांगतोय. अक्का वाटच बगत असतीया, काय म्हणलं डाक्टर. ती खोकत्या, अंगावर कापड ऱ्हाईना झालंय, पण तुमी म्हणता झकास. मग आमी म्हटलं हवापाण्याचं असंल."

"जिवंत आहे?"

"आता बया!" बाळाबाई कडाडली. मग तिचं तिलाच काहीतरी कळत गेलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि डब्याचं पुन्हा काढलं नाही.

जीप मलकापूरच्या दिशेनं निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाळाबाई मागं बसून कुठं वळायचं तेवढं सांगत होती. रस्त्याकडेची झाडं मागं पळत होती आणि शशिधरला एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत ऐकू येत होतं. झकास. पहिल्यांदा तो ते मोठ्या जिकिरीनं म्हणाला असेल, मग सवयीनं, मग अभिमानानं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य एस्टीत बसून याच रस्त्यानं गेलं असेल, घाट चढून, उंबरा ओलांडून, एका खोकणाऱ्या बाईच्या कानात. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं ती गेली असती. कोल्हापुरातल्या मोठ्या डॉक्टरानं झकास म्हटल्यावर कोण जातं? त्यानं तिला कधी शिवी दिली नव्हती, भेदभाव केला नव्हता, नाव फोडलं नव्हतं. इतक्या निर्मळपणे एखाद्याला मारत आणता येतं, हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जगातला असा एकमेव हात म्हणून ज्याला त्यानं इतकी वर्षं पूजलं तो हात मागं बसून नाक शिंकरत होता, आणि ज्या हाताबद्दल सगळं होतं तो त्याला आठवतही नव्हता. डावा होता की उजवा?

घर डोंगराच्या कुशीत होतं. सोप्यात एका अंगाला गोठा, एका अंगाला वाकळ, आणि वाकळेवर शालूबाई. शशिधर तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि आधी तिच्या तोंडाकडं बघितलं. गालांची हाडं, मोठे झालेले डोळे, त्या डोळ्यांत पाव्हणा आल्याची लगबग. "तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं. "शालूबाई," ती म्हणाली. बाळाबाई धारेची वेळ टळली म्हणून तांब्या घेऊन म्हशीखाली बसली होती. खरं म्हणजे तिला तिथं तोंड लपवायला बरं पडत होतं. शशिधरनं बॅगेतली सुई काढली. हात दोरीसारखा, गोंदण नाही, शीर दिसेना. बऱ्याच खटपटीनंतर रक्त आलं. मग त्यानं सगळं सांगितलं. पैरा, पत्रा, नियम, झकास. काही टाळलं नाही. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. आता ती शिव्या देईल, दिल्या तर बरं.

शालूबाईनं वर आढ्याकडं बघितलं. "म्हंजे," ती म्हणाली, "मी आजारीच हाय की."

"हो."

"बरं झालं बाई." तिनं डोळे मिटले. कडेनं पाणी आलं. "तुमी झकास म्हणायचा आणि मला तर उठवत न्हवतं. घरातली समदी म्हणायची, सोंग करतीया. मग मला बी वाटाय लागलं, मी सोंगच करतोय."

तांब्यातला धारेचा आवाज थांबला.

शशिधर एकदम भराभर बोलू लागला : उद्या सकाळीच जीप घेऊन येतो, सरकारी दवाखान्यात नेतो, गोळ्या फुकट आहेत, वेळ अजून गेलेली नाही. गेली आहे की नाही हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं ठाऊक असलेलं सगळं सांगून जे झालं होतं त्यापुढं हे काहीच नव्हतं. म्हशीखालून रडवेला पण नेटाचा आवाज आला, "डाक्टर, उद्या मीच येतो की. अक्काला कशाला गाडीत हिंदकळत न्हेताय? गोळ्या माझ्याजवळ द्या. आणि कडू असल्या तर मीच घेतो. तिला कडू उतरत न्हाय."

"नाही!" शशिधर ताडकन उठून ओरडला. आढ्यातली चिमणी उडाली, बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. "यात पैरा चालत नाही! गोळी हिनंच गिळायची! हिनंच! उद्या ही येणार, हिचं नाव मी स्वतः मोठ्यानं पुकारणार, शालूबाई म्हणून, सगळ्या दवाखान्यात ऐकू जाईल असं..."

"येतो, डाक्टर, मीच येतो," शालूबाई वाकळेवरून म्हणाली. "पर जरा हळू बोला की. म्हस पान्हा चोरतीया."